ओल्या बियांचा ढीग आणि 'हरित' तेल

चेहऱ्याच्या तेलावर 'हरित पद्धतीने काढलेले' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, फळांचा रस काढल्यावर उरलेल्या बिया किती वेळ ओल्या पडून होत्या? यंत्राचं नंतर बघू. बियांपासून तेलं आणि अर्क काढणं हेच माझं काम, आणि माझं मत पक्कं आहे: मालाचं भवितव्य यंत्रात शिरण्याआधीच निम्मं ठरलेलं असतं.

रस काढून उरलेला, बियांसकटचा चोथा ओला आणि साखरेचा असतो, त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. शिवाय बीतलं लायपेज हे विकर तेल तोडू लागतं, मुक्त मेदाम्लं वाढतात. असं तेल त्वचेसाठी कुणी वापरू नये. म्हणून वाळवण ताबडतोब आणि जपून हवी. द्राक्षाच्या बिया थेट धुराच्या झोतात वाळवल्या तर धुरातलं बेंझोपायरीन तेलात उतरतं. ते कर्करोगकारक आहे. पुढची पद्धत कितीही स्वच्छ असली तरी इथे बिघडलं ते बिघडलंच.

आता यंत्राकडे. मला सर्वांत आवडतो तो कार्बन डायऑक्साइड. 31 अंश सेल्सिअस आणि साधारण 74 बार दाबाच्या पलीकडे तो वायूसारखा बारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवतो. काम झालं की दाब सोडायचा. वायू उडून जातो, मागे तेल उरतं. तो वायू पुन्हा दाबून वापरता येतो. हेक्झेन या पेट्रोलियमच्या द्रावकाने तेल काढलं तर ते उष्णता देऊन हाकलावं लागतं, ते ज्वालाग्राही आहे आणि त्याच्या वाफा कामगारांच्या मज्जातंतूंना अपाय करतात. पण एवढा दाब उभा करायला वीज लागते. तो हिशेब न मांडता 'हरित' म्हणणं मला पटत नाही.

या वायूला मर्यादाही आहे, आणि खरी मजा तिथेच सुरू होते. तो तेल घेतो, टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई घेतो, पण द्राक्षबीतली प्रोअँथोसायनिडिन्स ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं त्याला जवळजवळ हातही लावू देत नाहीत, कारण त्यांची ओढ पाण्याकडे. मग तेल निघालेली तीच भुकटी मी पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात टाकते. अल्ट्रासाउंड लावला की द्रवात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात, पेशीभित्ती उघडतात आणि लालसर तपकिरी अर्क खाली उतरतो. एका बीतून आधी तेल, मग अँटिऑक्सिडंट! हा क्रम पाळायलाच हवा. आधी तेल न काढता अर्क करायला गेलं तर सगळं दुधाळ होऊन बसतं आणि गाळताना जीव जातो. अल्ट्रासाउंड जास्त वेळ चालवला तर द्रव तापतो आणि मिळवलेलंच खराब होतं. या अर्काला लोहाचा अंश किंवा अल्कधर्मी माध्यम लागलं की रंग काळपटतो, म्हणून क्रीमचा पीएच आधी बघावा.

ग्लिसरीन आणि पाण्यातही असे अर्क निघतात. ग्लिसरीन क्रीममध्ये तसंही असतंच, त्यामुळे द्रावक हाकलण्याची ऊर्जा वाचते. या बाजूला मला फार आशा वाटते.

दाव्यांबद्दल मात्र मी कडक आहे. रास्पबेरीच्या बियांचं तेल सनस्क्रीनचं काम करतं, असं सर्रास सांगितलं जातं. करत नाही. त्या तेलाच्या जोरावर उन्हात जाऊ नका. डाळिंबबीच्या तेलात प्युनिसिक आम्ल भरपूर असतं आणि ते लवकर ऑक्सिडाइज होतं, म्हणून गडद बाटली, थंड जागा, थोडा व्हिटॅमिन ई. आंब्याच्या कोयीतलं मगज या बाबतीत भाग्यवान: त्याच्या चरबीत स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं मुख्य, त्यामुळे ती साधारण तापमानाला घट्ट राहते आणि टिकतेही.

आणि पेंड? तेल नि अर्क काढून उरलेली भुकटी कचऱ्यात गेली तर आपण कचरा फक्त पुढे ढकलला. द्राक्षबीची पेंड बारीक दळून, चाळून स्क्रबमध्ये प्लास्टिकच्या मण्यांऐवजी वापरता येते; कणांना धारदार कडा राहू नयेत एवढं बघायचं. जर्दाळूच्या मगजाची पेंड वेगळी हाताळावी लागते, कारण तिच्यातल्या अमिग्डॅलिन या घटकापासून ओलाव्यात हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. ती सरसकट जनावरांना घालणं धोक्याचं आहे. पुरवठादार निवडताना मी पेरॉक्साइड मूल्य (तेल किती ऑक्सिडाइज झालंय) आणि आम्ल मूल्य (मुक्त मेदाम्लं किती) तर मागतेच, त्यासोबत पेंडीचं काय करता हेही विचारते.