जुन्या बाजारातलं गोणपाट ते आजचं दुकान : आमची वाटचाल

धंद्याची सुरुवात बाबांची. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार गोणपाट अंथरून जुनी नाणी विकायचे, जुन्या नोटांना तेव्हा फार कोणी विचारत नव्हतं. मी आल्यावर नोटांकडे वळलो आणि पहिल्याच मोठ्या खरेदीत फसलो. पाचव्या जॉर्जची १० रुपयांची नोट, एकदम कडक दिसली म्हणून भरपूर पैसे मोजले, घरी येऊन बॅटरी आडवी धरली तर मधोमध घडीची पुसट रेघ, कागद गुळगुळीत पण करकर अजिबात नाही. धुऊन इस्त्री मारलेली होती! बाबा काही बोलले नाहीत, फक्त ती नोट गल्ल्याजवळ लावून ठेवली, अजून तिथेच आहे.

तेव्हापासून आमच्याकडे आधी कागद, मग घड्या नि टाचणीची भोकं, मग सही आणि नंबर, भाव सगळ्यात शेवटी. लोकांना वाटतं जुनी म्हणजे महाग, तसं नसतं हो. सी. डी. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले रायगडचे, त्यांच्या सहीची १० ची नोट बघून मला आजही भारी वाटतं, पण ती बऱ्यापैकी मिळते, त्यामुळे वापरलेली असेल तर भाव बेताचाच. हे आम्ही तोंडावर सांगतो. ट्रॅक्टरवाल्या ५ च्या नोटेला लाखो रुपये देतो असे मेसेज फिरतात आणि लोक आधी "फी" भरून बसतात, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये यावर जाहीर सावध केलंय तरी महिन्याला दोन-तीन फोन येतातच.

मागच्या पावसाळ्यात वाईहून एक काकू आल्या, पोथीत सापडलेला नोटेचा अर्धा तुकडा घेऊन, एकाच बाजूने छापलेला. घरचे फाटकं म्हणून टाकायला निघालेले. म्हटलं काकू, हा फाटलेला नाही, मुद्दाम कापलाय, कड बघा किती सरळ आहे. इंग्रजांच्या काळात पोस्टाने पैसे पाठवताना नोट अर्धी कापायचे, एक तुकडा पोचल्याचं कळलं की दुसरा पाठवायचे, म्हणून नंबर दोन्ही अर्ध्यांवर असतो. नुसत्या तुकड्यालाही घेणारे आहेत, पण जोडी जुळली तर गोष्टच वेगळी. मी विकत घेतला नाही, आधी बाकीच्या पोथ्या बघा म्हटलं. काकूंनी दोन बघितल्यात, माळ्यावरची ट्रंक राहिलीये, नंबर आमच्या वहीत लिहून ठेवलाय.