एका खोलीतले तीन पगार

गुरुवार, १६ फेब्रुवारी २०२३, रात्र

आज एक दिवसाचा लाक्षणिक संप पार पडला. २ तारखेपासून परीक्षांच्या कामावर आमचा बहिष्कार आहेच. मंगळवारी मधल्या सुटीत निदर्शने झाली, काल काळ्या फिती लावून काम केले आणि आज राज्यभरातील विद्यापीठांतले व महाविद्यालयांतले शिक्षकेतर कर्मचारी कामावर गेले नाहीत. सोमवारपासून बेमुदत संप सुरू होईल. संयुक्त कृती समितीचे पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवले आहे, आणि दिवसातून दोनतीनदा ते काढून वाचते आहे. त्यातली प्रत्येक मागणी मला पाठ आहे, तरीही वाचते, कारण त्या कागदात काहीतरी राहून गेले आहे असे सारखे वाटते.

दुपारी विद्यापीठाच्या फाटकाबाहेर बसलो असताना एक मुलगा पदवी प्रमाणपत्रासाठी आला होता. एसटीने साडेतीन तासांचा प्रवास करून आलेला, हातात पावती. "मॅडम, संप किती दिवस चालेल?" एवढेच त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. परीक्षेचा निकाल तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा असे विद्यापीठ कायदा सांगतो. त्या पंचेचाळीस दिवसांसाठी आम्ही दरवर्षी रविवारीही येऊन बसतो, हे त्या मुलाला सांगून काय उपयोग होता? त्याचा दिवस वाया गेला आणि तो आमच्यामुळे गेला, ही गोष्ट कोणत्याही घोषणेने पुसली जात नाही.

मागण्यांमध्ये सर्वांत जुना आणि बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला सर्वांत कठीण विषय आश्वासित प्रगती योजनेचा आहे. शासकीय नोकरीत पदोन्नतीची पदे थोडी असतात, त्यामुळे एकाच पदावर वर्षानुवर्षे कुजणाऱ्या माणसाला निदान वरच्या पदाचे वेतन तरी मिळावे, म्हणून राज्याने १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नतीची योजना आणली. २००१ मध्ये तिचे नाव सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झाले, २०१० मध्ये बारा वर्षांच्या पहिल्या लाभानंतर आणखी बारा वर्षांनी दुसरा लाभ जोडला गेला आणि सातव्या वेतन आयोगानंतर, २०१९ मध्ये, दहा, वीस आणि तीस वर्षांनी असे तीन लाभ ठरले. मंत्रालयातल्या लिपिकाला जे मिळाले ते विद्यापीठातल्या लिपिकाला मात्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा शासन निर्णय लागतो. आमच्यासाठी काढलेले निर्णय नंतर रद्दही झाले. ते पुनरुज्जीवित करा, ही पत्रकातली पहिली मागणी आहे.

मी १९९९ मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले आणि आजही कनिष्ठ लिपिकच आहे. पहिला लाभ २०११ मध्ये मिळाला. वीस वर्षांचा लाभ २०१९ मध्ये मिळायला हवा होता, तो अजून कागदावरही आलेला नाही. तरी माझे बरे म्हणायचे. आमच्या विभागातले शिपाईमामा १९८९ मध्ये लागले आणि तेहतीस वर्षांनी, गेल्या वर्षी, शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. त्यांचे सेवापुस्तक पडताळणीला गेले तेव्हा दुसरा लाभ काढून टाकून त्यांचे वेतन नव्याने निश्चित करण्यात आले आणि जादा दिलेली रक्कम उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वळती करण्याचे पत्र निघाले. मामा ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ताई, मी काय खोटं बिल लावलं होतं का?" वर्ग तीन आणि वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्तीला वर्षभर उरलेल्यांकडून, अशी वसुली करता येणार नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल आहे. संघटनेच्या लोकांनी तो दाखवला आणि वसुली थांबली. निवृत्तिवेतन मात्र कमी केलेल्या वेतनावरच बसले. मामांनी त्यावर पुन्हा काही विचारले नाही. त्यांच्या जागी कोणी आलेले नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आता आम्हीच उचलतो.

रविवार, १९ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, आज शिवजयंती. सुटीमुळे घरात शांतता नव्हती, तरी दुपारी हिशेबाला बसले. जानेवारीच्या वेतनचिठ्ठीत महागाई भत्ता ३४ वरून ३८ टक्के झालेला दिसतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी २००९ चा आहे. त्याचे मूळ वेतन २८,४०० रुपये, त्यावर भत्ता १०,७९२. या दोहोंच्या बेरजेचे दहा टक्के, म्हणजे दरमहा ३,९१९ रुपये राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी कापले जातात. शासन आपल्या वाट्याचे १४ टक्के घालते. एवढी रक्कम बाजूला पडूनही म्हातारपणी हातात किती येईल हे त्याला कोणी सांगू शकत नाही, कारण ते बाजारावर अवलंबून आहे. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे माझ्या पगारातून यासाठी एक रुपयाही जात नाही आणि निवृत्तीनंतर शेवटच्या वेतनाच्या निम्मे मिळणार हे ठरलेले आहे. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये दीड फूट अंतर आहे. आम्ही एकाच यादीचे बैठक क्रमांक तपासतो आणि चूक झाली तर एकाच कारणे दाखवा नोटिशीवर दोघांची नावे येतात.

तिसरे टेबल खिडकीजवळचे. तिथे बसणारी मुलगी एजन्सीमार्फत आली आहे. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, असे तिचे हे सहावे वर्ष आहे. गुण भरण्यापासून गुणपत्रकाच्या छपाईपर्यंतची संगणकाची सगळी कामे तिच्या हाताखालून जातात. खरे सांगायचे तर ती रजेवर असली की विभाग अडतो आणि मी रजेवर असले तर फारसे अडत नाही. तिच्या हातात महिन्याला पंधरा हजारांच्या आतच पडतात. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या अगदी पहिल्या स्तराचे, म्हणजे नव्याने लागलेल्या शिपायाचे, मूळ वेतन १५,००० आहे आणि त्यावर भत्ते वेगळे. एम.कॉम. झालेली ही मुलगी त्या पहिल्या पायरीच्याही खाली उभी आहे. तिला वेतनवाढ नाही, महागाई भत्ता नाही, अंशदान कापायला निवृत्तिवेतनच नाही.

तात्पुरत्या कर्मचाऱ्याने नियमित कर्मचाऱ्याचेच काम केले तर त्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सांगितले. मात्र त्याच न्यायालयाचा २००६ चा निकालही आहे: नियमित निवड प्रक्रिया न होता लागलेल्यांना केवळ वर्षे भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. आस्थापना विभागाला हा दुसरा निकाल तोंडपाठ असतो. पहिल्याची प्रत हवी असेल तर ती आपणच घेऊन जावी लागते. शिवाय एजन्सी मध्ये असली की ती मुलगी "आमची कर्मचारीच नाही" असे म्हणायला सगळेच मोकळे.

आमच्या पत्रकात रिक्त पदे भरा ही मागणी आहे. जुनी पेन्शन आहे, राज्यभरातल्या ज्या १,४१० विद्यापीठ कर्मचाऱ्यांना सातवा आयोग नाकारला गेला त्यांचा प्रश्न आहे, जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०२० या ५८ महिन्यांच्या वेतनफरकाची थकबाकी आहे. यातली एकही मागणी अवाजवी नाही. परंतु खिडकीजवळच्या टेबलापर्यंत त्यातली एकही थेट पोहोचत नाही. पदे भरली गेली तर ती जाहिरातीने भरली जातील आणि तेव्हा तिचे वय उलटलेले असेल. शुक्रवारच्या सभेत मी हे बोलले. "ताई, आधी आपलं पदरात पडू दे, मग त्यांचं बघू," असे उत्तर आले. उत्तर देणारा माणूस वाईट नाही. मामांच्या वसुलीसाठी तोच धावला होता. पण "मग" कधी येते हे आम्हा सरकारी माणसांइतके कोणाला ठाऊक असणार?

संध्याकाळी वडिलांना फोन केला. ते तहसील कार्यालयात कारकून होते आणि १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या, चौपन्न दिवस चाललेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात होते. मी तेव्हा अडीच वर्षांची, त्यामुळे मला आठवतो तो त्यांनी सांगितलेला संप: र. ग. कर्णिकांचे नेतृत्व, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा हा मुद्दा आणि वाण्याच्या वहीत वाढत गेलेली उधारी. त्यांना विचारले, तेव्हा कार्यालयात रोजंदारीवर कोणी होते का? बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "एक पाणी भरणारा होता. त्याचं काय झालं ते बाई आठवत नाही." चौपन्न दिवसांतली प्रत्येक सभा कोणत्या मैदानावर झाली ते त्यांना आठवते.

सोमवार, २० फेब्रुवारी

बेमुदत संपाचा पहिला दिवस. साडेनऊलाच फाटकावर पोहोचले. चारशेहून अधिक माणसे होती, ऊन बरेच होते, माइक दोनदा बंद पडला. प्राध्यापकांपैकी काही जण येऊन पाठिंबा देऊन गेले आणि काही जण मोबाइलमध्ये पाहत आत गेले. बारावीची परीक्षा उद्या सुरू होते आहे, त्यामुळे महाविद्यालयांत काय होणार याचीच जास्त चर्चा होती.

दहाच्या सुमारास ती आली. एजन्सीने कंत्राटी कर्मचाऱ्यांना हजर राहायला सांगितले होते, हजर नसेल त्या दिवसाचे पैसे कापू असेही सांगितले होते. तिला आम्ही कोणी अडवले नाही. पण संगणक कक्षाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि संपाच्या काळात किल्ल्या द्यायच्या नाहीत असे सभेत ठरले आहे. तिने किल्ली मागितली नाही. पर्स माझ्या मांडीवर होती आणि तिने त्या पर्सकडे एकदा पाहिले एवढेच. मी तिला वहीत अडीच दिवसांपूर्वी लिहून ठेवलेली ओळ वाचून दाखवली असती: कंत्राटी कर्मचाऱ्यांना श्रेणीतील किमान वेतन मिळावे, ही मागणी जोडावी. चार जणांच्या सह्या घेऊन ती ओळ आज समितीच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांना दिली. त्यांनी घेतली, पाकिटात ठेवली. पोच मागितली तेव्हा ते हसले, पण माझ्या प्रतीवर सही करून तारीख घातली.

आमचेही या दिवसांचे वेतन "काम नाही, वेतन नाही" म्हणून कापले जाईल कदाचित, पुढे तडजोडीत ते अर्जित रजेत जमाही होईल. असे पूर्वी झालेले आहे. तिच्या खाती अर्जित रजा नाही. साडेपाचला ती बाहेर पडली तेव्हा आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. दिवसभर बंद कपाटासमोर बसून होती, असे सुरक्षारक्षकाने सांगितले. तिची हजेरी लागली का, हे विचारायला मी दोन पावले पुढे गेले. तोवर तिची बस आली. किल्ली अजून पर्समध्येच आहे.