पटावरचे दाणे फोडताना

भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळ रुजवलं, त्यामुळे पटावर दुपटीने दाणे ठेवायची गोष्ट इथल्या पोरांना पाठ असते. पहिल्या घरात एक, मग दोन, मग चार. चौसष्ट घरांची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५. क्लासवरून आल्या आल्या भाच्याने विचारलं, "मामा, हिला कशाकशाने भाग जातो?" शेवटी ५ आहे, म्हणजे पाचाने जातो, एवढंच पटकन सांगता आलं. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वीस वर्षं तेरजा मारतोय मी, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

रात्री वही घेऊन बसलो. वीस आकडी संख्येला एकेक मूळ संख्येने भागत राहिलो तर जन्म पुरायचा नाही. पण ही म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. शाळेतलं 'अ वर्ग वजा ब वर्ग'! दोन तुकडे पडले, लहान तुकड्याला परत तेच सूत्र. असं करत ३, ५, १७, २५७, ६५५३७ सुटे झाले. (६५५३७ मूळ आहे का, हे बघायला ९७ आणि १९३, दोनच भागाकार करावे लागले; तिचा मूळ विभाजक ३२ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो.) उरली ४२९४९६७२९७.

या जातीच्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढणारा घात अधिक १, सगळ्या संख्या मूळच असणार, असं गणितज्ञ फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने नेमकी हीच फोडली. हिचा मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो, हेही त्यानेच सिद्ध केलं. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, कारण तिच्यामुळे शेकडो भागाकार वाचतात. १९३ ने बाकी १०९. २५७ ने २. ४४९ ने ३२५. ५७७ ने २८८. मग ६४१.

४२९४ मध्ये सहा वेळा, उरले ४४८. वरून ९ घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. पुढे चार, एक, आणि शेवटी पुन्हा ४४८७ समोर आले! सात वेळा, बाकी शून्य. भाच्याला हाक मारली. त्याने ताळा करून पाहिला, तर ६७०४१७ गुणिले ६४१ नऊच आकडी येत होतं. दोन बाकी असताना ६ आणि ७ उतरवले, तेव्हा भागाकारात दोन शून्यं हवी होती, मी एकच लिहिलं होतं. दुरुस्त केलं, ६७००४१७. ताळा जुळला.

आता हिला आणखी भाग जातो का? तोच नियम इथेही चालतो, आणि वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यापुढे बघायची गरज नाही; म्हणून २५८८ पर्यंत सातच मूळ संख्या तपासायच्या होत्या. निम्म्या भाच्याने घेतल्या. साडेअकरा वाजता शेवटची २११३ त्यानेच भागली.

"मामा, बाकी ९४."

वहीवर एका ओळीत लिहिलं: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७.