आधी परतीची गाडी, मग शहर

‘जोडून चार दिवस सुट्टी आहे, ट्रेनने कुठं जाऊ?’ जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न दर वसंतात येतो. सोबत बहुतेक वेळा प्राग, व्हिएन्ना, पॅरिस ही तीन नावंही येतात. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: परत कुठल्या गाडीने येणार?

शहर चुकलं तरी सुट्टी वाया जात नाही. युरोपातल्या बहुतेक जुन्या शहरांत दोन दिवस मजेत जातात. परतीची गाडी चुकली, तर मात्र शेवटचा दिवस फलाटावर जातो आणि दुसऱ्या दिवशीची कामाची वेळही हुकते. म्हणून नकाशा उघडण्याआधी वेळापत्रक उघडा. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या सुमारास तुमच्या गावाला थेट येणारी गाडी कुठून कुठून आहे, हे बघा. आणि तिच्यामागून त्याच दिवशी आणखी किमान एक गाडी आहे ना, हेही बघा. या चाळणीतून उरतील तीच शहरं खरी निवडीची. शेवटची गाडी ठरवून कधीच घेऊ नका.

एवढी काळजी कशासाठी, तर डॉइच बान या जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये फक्त 62.5 टक्के वेळेवर पोचल्या. त्यातही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ धरला जातो आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात येतच नाहीत. थेट गाडीला अर्धा तास उशीर झाला तर अर्धा तासच जातो. पण वाटेत आठ मिनिटांत गाडी बदलायची असेल, तर त्याच उशिराचे दोन तास होतात. बदल टाळता येत नसेल, तर रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये गाडी बदलायला लागणारा किमान वेळ 30 मिनिटं करून शोधा. प्रवास थोडा लांबलेला दिसेल, पण तो खरा असेल.

म्युनिकहून विचारणारे सर्वांत जास्त, म्हणून तिथलं उदाहरण घेऊ. साल्झबुर्ग दीड-पावणेदोन तास, इन्सब्रुक साधारण पावणेदोन, झुरिक साडेतीन ते चार, व्हिएन्ना चार, बोल्झानो चारच्या आसपास आणि व्हेरोना साडेपाच. या सगळ्या ठिकाणी थेट गाड्या जातात. प्रागलाही थेट गाडी आहे, पण ती साडेपाच-सहा तास घेते, कारण सरहद्दीजवळच्या मार्गावर अजून विजेच्या तारा नाहीत आणि डिझेलच्या इंजिनावर गाडी रमतगमत जाते. तीन दिवसांच्या सुट्टीतले बारा तास असे घालवू नयेत. तेच प्राग ड्रेस्डेनहून अडीच तासांच्या आत आणि बर्लिनहून साधारण सव्वाचार तासांत येतं. म्हणजे प्राग बर्लिनकरांचं, व्हिएन्ना म्युनिककरांचं. फ्रँकफर्टकरांना ब्रसेल्स तीन तास, बाझल त्याहून थोडं कमी आणि पॅरिस चार तासांच्या जरा आत. माझी मर्यादा सोपी आहे: दोन रात्रींसाठी चार तास, तीन रात्रींसाठी सहा. त्यापुढे विमान किंवा रात्रीची गाडी. रात्रीच्या गाडीत बसायची सीट स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. किमान झोपायचा बर्थ घ्या, नाहीतर पहिला दिवस डुलक्या काढण्यात जातो.

म्युनिकहून तीन रात्री असतील आणि व्हिएन्ना पाहून झालं असेल, तर मी उत्तर इटलीतलं, जर्मनही बोलणारं बोल्झानो सुचवेन. ब्रेनर खिंड ओलांडणारी गाडीच मुळात बघण्यासारखी आहे. स्टेशनपासून मुख्य चौक चालत पाच मिनिटांवर आहे. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह, म्हणजे ‘ओत्झी’, इथल्या संग्रहालयात आहे. स्टेशनजवळूनच सुटणारी केबलकार बारा मिनिटांत रेनोनच्या पठारावर नेते. जर्मन बोलून काम भागतं, जेवण मात्र इटालियन मिळतं. शाकाहारी घरांना हे फार सोयीचं पडतं. आई-बाबा भारतातून आलेले असतील, तर सामान ओढत ट्राम बदलाव्या लागत नाहीत, हा आणखी एक फायदा.

स्टेशन कुठं आहे हा मुद्दा लोक विसरतातच. व्हेनिसची तिकिटं काढताना ‘मेस्त्रे’ आणि ‘सांता लुचिया’ यांत गोंधळ होतो. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, कालव्याच्या काठावर उतरवतं ते सांता लुचिया. ब्रसेल्समध्ये जर्मनीहून येणारी आयसीई (जर्मन रेल्वेची वेगवान गाडी) ‘नॉर्ड’ आणि ‘मिडी’ला थांबते. प्रसिद्ध चौकाशेजारचं सेंट्रल स्टेशन मधे लागतं, पण तिथं ती थांबत नाही. उतरून लोकल घ्यावी लागते. व्हिएन्नाचं मुख्य स्टेशन मध्यवस्तीत नाही, पण यू-1 मेट्रोने तिसऱ्या थांब्यावर श्टेफान्सप्लाट्झ हा शहराच्या मधोमधचा चौक येतो. त्यामुळे तिथं स्टेशनजवळचं हॉटेल बिनधास्त घ्यावं.

आता सुट्ट्यांचं गणित, कारण खरी फसगत इथं होते. हिमेलफार्ट (येशूच्या स्वर्गारोहणाचा सण) नेहमी गुरुवारी येतो, ईस्टरनंतर 39 दिवसांनी. मधल्या शुक्रवारी ब्रुकेनटाग, म्हणजे दोन सुट्ट्या जोडणारी रजा, घेतला की चार दिवस होतात. पण हीच सुट्टी ऑस्ट्रिया, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्येही असते. त्यातल्या काही देशांत दुकानं त्या गुरुवारी बंद आणि तिथले लोकही तुमच्यासारखेच प्रवासाला निघालेले. इटली, चेकिया आणि पोलंडमध्ये त्या दिवशी कामाचा दिवस असतो, म्हणून गुरुवारी पोचायचं तर ही शहरं बरी. चेकियाची मात्र वेगळी मेख आहे. 8 मे ही तिथली राष्ट्रीय सुट्टी आणि त्या दिवशी 200 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे हिमेलफार्ट 6 मे आणि शनिवारी नेमका 8 मे. त्या वीकेंडला प्रागमध्ये सुपरमार्केटच्या भरवशावर राहू नका.

फ्रोनलाइखनाम या जूनच्या आसपास येणाऱ्या कॅथलिक सणाची सुट्टी बायर्न (बव्हेरिया), बाडेन-व्युर्टेंबर्ग, हेसेन, नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालेन अशा राज्यांत असते, बर्लिन-हॅम्बुर्गला नसते. बायर्नमध्ये ती शाळांच्या फिंगस्टन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीतच येते, त्यामुळे इटलीच्या गाड्या तेव्हा खचाखच असतात. त्या वीकेंडला झुरिक किंवा स्ट्रासबुर्ग निवडा, इटली सप्टेंबरसाठी ठेवा. सोमवार जोडून पॅरिसला जाणार असाल, तर ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि लूव्र मंगळवारी, हे आधीच डोक्यात ठेवा.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, स्पारप्राइस हे सवलतीचं तिकीट स्वस्त असतं कारण ते एकाच ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. पण हे संपूर्ण प्रवास एका तिकिटात असेल तरच. स्टेशनपर्यंत डॉइचलांडटिकेटवर (लोकल गाड्यांचा मासिक पास) लोकलने आलात, लोकलला उशीर झाला आणि आयसीई चुकली, तर स्पारप्राइस गेलं. शंभरातल्या नव्वद तक्रारींचं मूळ मला इथंच दिसतं. म्हणून तिकीट घराजवळच्या स्टेशनपासूनच काढा, किंवा मधे भरपूर वेळ ठेवा. एकाच तिकिटावर 60 मिनिटं उशीर झाला तर 25 टक्के आणि 120 मिनिटं झाला तर 50 टक्के परतावा युरोपियन नियमानुसार मागता येतो. रात्री पुढची गाडीच नसेल, तर मुक्कामाची सोय करणं रेल्वेचं काम आहे. आधी माहिती कक्षात जाऊन तसं लेखी घ्या, मग हॉटेल शोधा.

एकच गाडी दोन रेल्वे कंपन्या विकत असतात आणि भाव वेगळे असतात. प्रागसाठी चेक रेल्वेचं आणि व्हिएन्ना-इटलीसाठी ऑस्ट्रियाच्या ओबीबी रेल्वेचं अ‍ॅप उघडून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. जर्मन रेल्वेचं बानकार्ड 25 हे सवलतीचं कार्ड असेल तर स्पारप्राइसवरही 25 टक्के सूट मिळते, म्हणून तुलना ती सूट धरून करा.

दुसरी गोष्ट भारतातल्या सवयीमुळे निसटते. आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हणजे बर्थ. इथं आयसीईचं तिकीट म्हणजे फक्त गाडीत चढायचा हक्क, जागा वेगळी राखावी लागते. दुसऱ्या वर्गात त्याला साधारण साडेपाच युरो पडतात. लाँग वीकेंडला हे वाचवायचे पैसे नव्हेत. गाडी सुटल्यावर 15 मिनिटांत जागेवर पोचला नाहीत, तर आरक्षण संपतं. म्हणून फलाटावर आपला डबा कुठल्या अक्षराच्या खुणेपाशी येणार ते अ‍ॅपमध्ये बघून तिथंच उभे राहा. डब्यांचा क्रम उलटा असल्याची घोषणा झाली तर लगेच चालायला लागा.

कागदपत्रं: भारतीय पासपोर्ट असेल तर मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही जवळ हवीत, फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर 2024 पासून जर्मनी आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सरहद्दींवर तपासणी करते आहे. साल्झबुर्गहून परतताना पोलीस गाडीत चढतात आणि त्यात वेळ जातो, परतीच्या हिशेबात तो धरा. पॅरिसहून किंवा ब्रसेल्सहून युरोस्टारने लंडन जवळ वाटतं, पण त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला गेल्यावर त्यांना त्याच व्हिसावर परत युरोपात येता येणार नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपियन युनियनमध्ये नाही. तिथं मोबाइल डेटा तुमच्या प्लॅनमध्ये धरलेला आहे का, हे सरहद्दीआधी तपासा.

डब्यात घरचं खायला कुणाची हरकत नसते. दशम्या, तिळाची चटणी आणि पाण्याची बाटली घ्या, कारण गर्दीच्या दिवशी गाडीतल्या बिस्ट्रोमधली शाकाहारी जिन्नसं लवकर संपतात. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांमधली सुपरमार्केटं उघडी असतात. परतीचा डबा तिथूनच भरा.

आणि जागा राखताना बाजू निवडता येते, तिचा उपयोग करा. बर्लिनहून प्रागला जाताना ड्रेस्डेननंतर रूळ एल्बे नदीच्या काठाने जातात, वाळूच्या दगडांचे उंच कडे पाण्यापलीकडे दिसत राहतात. जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची.