तिच्या वस्तू, तिचं घर

शनिवार, रात्री साडेअकरा

बाहेर पाऊस धरून आहे. जेवण उरकल्यावर 'द क्वाएट मॅन' हा जुना हॉलिवूड सिनेमा लावला. तिसऱ्यांदा पाहिला असेन. आधी दोन्ही वेळा आयर्लंडची हिरवळ पाहिली, शेवटची ती लांबलचक मारामारी पाहिली, लाल केसांची मॉरीन ओ'हारा पाहिली. तिचं म्हणणं मात्र आज पहिल्यांदा कानावर पडलं.

अमेरिकेत वाढलेला शॉन, म्हणजे जॉन वेन, आयर्लंडमधल्या आपल्या जन्मगावी परततो आणि मेरी केटशी, म्हणजे मॉरीनशी, लग्न करतो. तिचा दांडगा भाऊ तिचं सामान आणि हुंड्याचे पैसे अडवून ठेवतो. शॉन म्हणतो, जाऊ दे, मला नकोत ते पैसे. मेरी केट ऐकत नाही. 'हुंडा' हा शब्द आपल्या कानाला टोचतो, म्हणून असेल, पण आजवर मी मनातून शॉनच्याच बाजूने होतो. आज लक्षात आलं की ती मागतेय ते आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या जवळचं आहे. आईकडून आलेलं लाकडी सामान, वाजवायची पेटी, लहानपणापासून मनात मांडून ठेवलेलं घर. ते मिळत नाही तोवर आपण इथेही मोलकरीणच, भावाकडे होतो तशा, असं तिला वाटतं. आणि पैशांचा हव्यास म्हणावा, तर शेवटी पैसे हातात आल्यावर मळणीयंत्राच्या भट्टीचं दार तीच उघडते, आणि शॉन ते आत भिरकावतो. तिचे होते, ते तिला मिळाले. बस.

गेल्या महिन्यात आईचं जुनं घर रिकामं केलं. नव्या फ्लॅटमध्ये जागा कमी, म्हणून तांब्या-पितळेची भांडी मोडीत द्यायची असं ताईने आणि मी ठरवलं. आईने सगळं जाऊ दिलं. एका पितळी घागरीवर मात्र हात ठेवून बसली. मी म्हटलं, "अगं, घागर कशाला आता? हवी तर नवी आणून देतो." तिने घागर स्वतःकडे ओढून घेतली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. त्या घागरीवर तिचं माहेरचं नाव कोरलेलं आहे. लग्नात नाव बदललं, त्यानंतर त्या नावाने तिला हाक मारणारी माणसं एकेक करत गेली.

शॉनसारखंच बोललो मी.

रविवार, दुपार

सकाळपासून मॉरीनबद्दल वाचतोय. नावाचा धागा तिच्याही आयुष्यात आहे.

ती डब्लिनच्या रॅनेलाची, जन्म 17 ऑगस्ट 1920, सहा भावंडांत दुसरी. आडनाव फिट्झसायमन्स. आई गायिका. वडिलांचा कपड्यांचा धंदा, शिवाय एका फुटबॉल क्लबात भागीदारी. चौदाव्या वर्षी ती अ‍ॅबी थिएटरमध्ये शिकायला लागली, पण नाटकात पोट भरेलच असं नाही म्हणून वडिलांनी टायपिंग आणि शॉर्टहँडही शिकायला लावलं. लंडनमधली तिची स्क्रीन टेस्ट वाईट झाली होती. भडक मेकअप, अंगावर झगमगीत झगा. तरी त्यातले तिचे डोळे चार्ल्स लॉटन विसरू शकला नाही. त्याने तिच्याशी करार केला आणि हिचकॉकच्या 'जमैका इन'मध्ये घेतलं. फिट्झसायमन्स हे नाव थिएटरच्या पाटीवर मावणार नाही, असं त्याचं मत. ओ'मारा किंवा ओ'हारा, एक निवड, म्हणाला. तिला दोन्ही नको होती. ती जेमतेम अठरा वर्षांची आणि तो एवढा मोठा नट. ओ'हारा झाली.

त्याच वर्षी, 1939 साली, ती लॉटनबरोबर हॉलिवूडला गेली, 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधली एस्मेराल्डा झाली, आणि युद्ध पेटल्याने तिकडेच राहिली. 1941 मध्ये जॉन फोर्डचा 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नंतर चाच्यांचे आणि तलवारबाजीचे रंगीत सिनेमे एकामागून एक. लाल केस, हिरवे डोळे, त्यामुळे 'टेक्निकलरची राणी' ही पदवी चिकटली. मला ती पदवी आवडत नाही. कॅमेऱ्यात रंग चांगले उठतात ही काय अभिनेत्रीची ओळख?

मला थांबवलं ते 1946 च्या प्रसंगाने. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना कागदावर तिचं आधीचं राष्ट्रीयत्व 'ब्रिटिश' असं लिहिलेलं होतं. आयर्लंड स्वतंत्र होऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती, पण तिथल्या दप्तरात त्याची नोंद पोचली नव्हती. ती अडून बसली. मी आयरिश आहे, तसं लिहा, नाहीतर नको तुमचं नागरिकत्व. शेवटी तसं लिहून घेतलं तेव्हाच हलली. आडनाव दिलं होतं तिने. हे नाही दिलं.

फोर्डच्याच 'द क्वाएट मॅन'साठी तर ती आणि वेन कित्येक वर्षं तोंडी शब्दावर थांबून राहिले होते. एकही मोठा स्टुडिओ पैसे घालेना. फोर्ड कथेच्या टिपणांचा मजकूर सांगायचा आणि ती शॉर्टहँडमध्ये उतरवून टाइप करायची. वडिलांनी शिकवलेलं असं कामी आलं. रिपब्लिक स्टुडिओ तयार झाला, पण आधी एक वेस्टर्न काढून द्या या अटीवर, म्हणून 1950 मध्ये 'रिओ ग्रांदे' झाला. मग 1951 च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावी चित्रीकरण. चुंबनानंतर ती वेनला थप्पड मारायला जाते, तो प्रसंग करताना तिच्या मनगटाचं हाड दुखावलं आणि तिने सेटवर चकार शब्द काढला नाही. माळरानावरून फरपटत नेण्याच्या दृश्यात मेंढ्यांच्या लेंड्या मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या, हे तिनेच पुढे सांगितलं. फोर्डच्या छळाबद्दलही सांगितलं, एकदा त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला होता. या सिनेमाने फोर्डला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवून दिलं. तिला नामांकनही नाही. तेव्हाच काय, कधीच नाही. 2014 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मानद ऑस्कर दिलं. मला याचा राग येतो.

1957 मध्ये एका गॉसिप मासिकाने तिच्यावर घाणेरडा आळ घेतला तेव्हा ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. त्या दिवसांत आपण देशातच नव्हतो, स्पेनमध्ये चित्रीकरण करत होतो, हे तिने पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी दाखवलं. कागदावर काय लिहिलंय याला ती फार जपायची. तिसरा नवरा, वैमानिक चार्ल्स ब्लेअर, 1978 मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा त्याची कॅरिबियनमधली विमान कंपनी तिने हाती घेतली.

रात्री नऊ

सिनेमाच्या शेवटी ती वेनच्या कानात काहीतरी कुजबुजते आणि त्याचा चेहरा एकदम बदलतो. ते वाक्य फोर्डने तिला सांगितलं होतं. ते तिघांतच राहिलं. 2015 मध्ये गेली, तोवर तिने सांगितलं नाही.

आत्ता आईला फोन केला. घागर कुठे ठेवलीयस विचारलं. "का? द्यायचीय का तुला मोडीत?" म्हणाली. म्हटलं, नाही, त्यावर काय लिहिलंय तेवढं वाच. ती उठली, चष्मा शोधला, दिवा लावल्याचा खटका ऐकू आला. मग तिने ते अख्खं नाव, आजोबांच्या नावासकट, सावकाश वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हटलं, तर पुन्हा वाचलं.