कचऱ्याचं काम की पोरींचं? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमचं काम नेमकं कशाचं हो? मागे भेटलात तेव्हा ओला-सुका, भंगाराचे भाव असं काहीतरी सांगत होतात. आता म्हणता वस्तीतल्या मुलींशी पाळी आणि गर्भनिरोधकांबद्दल बोलता. आणि बोलता बोलता नदीवर घसरता. एक काहीतरी धरा ना."

हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय. कंपन्यांच्या सीएसआरवाल्या साहेबांनी विचारलंय, नदीसाठी झटणाऱ्या मित्रांनी विचारलंय, आणि माझा सख्खा भाऊ तर दर दिवाळीला विचारतो. आजवर मी हसून "सगळंच थोडं थोडं" म्हणत आले. पण थोडं थोडं म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिला एकही काम धड जमत नाही. म्हणून एकदा काय ते सांगून टाकते.

पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या बायकांविषयी तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुमच्या दारात रोज येतात. 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, 2008 पासून 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते, हेही तुम्ही वाचलेलं असणार. मी त्या संस्थांमधली नाही. माझं काम त्याच पेशातल्या घरांमधल्या तरुण मुलींबरोबर आहे. कुणाच्या आईचा रूट, म्हणजे ठरलेल्या सोसायट्यांचा कचरा उचलायचं काम, आता तिच्याकडे आलाय, कुणी आईला हाताशी असते, कुणी लग्न होऊन दुसऱ्या वस्तीत गेली आणि तिथेही तेच पोतं.

त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि वस्ती सांगणार नाही.

वय एकोणीस पूर्ण. वडील वारलेले. आई मराठवाड्यातली, आधी ऊसतोडीला जायची, तेव्हाच तिची गर्भपिशवी काढलेली. ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जातात हे 2019 साली बीडच्या बातम्यांमुळे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. वस्तीत ते आधीपासून माहीत होतं. पुण्यात येऊन पोती उचलून आईची कंबर गेली आणि रूट मुलीकडे आला. सकाळी सातला सुरू, तीन सोसायट्या, दीड वाजेपर्यंत. मग शेडवर निवडणं, मग भंगारवाला.

शेडवर पुठ्ठे चपटे करता करता ती मला म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, आली नाही."

लग्न झालेलं नव्हतं. मुलगा कोण, कुठला, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. मूल नको हे तिचं पक्कं होतं. कायदा तिच्या बाजूने होता. 1971 चा गर्भपाताचा कायदा सांगतो की अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची लागत नाही, आईची लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने लग्नाची अट असल्यासारखी भाषा काढली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाई अविवाहित आहे म्हणून तिला या कायद्याच्या तरतुदींतून वगळता येणार नाही. सरकारी दवाखान्यात याचे पैसे पडत नाहीत. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तिलाही मी पढवून नेलं.

केसपेपरची खिडकी साडेअकराला बंद होते. ती रूट अर्ध्यात सोडून आली. हात धुतले, ओढणी बदलली, तरी वास राहतोच. रांगेतल्या एका बाईने पदर नाकाला लावला. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं. तिने आपल्याकडे सांगतात तसं पूर्ण सांगितलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. त्याने मान वर न करता मधलं नाव 'पती'च्या रकान्यात लिहिलं. वारलेल्या बापाचं नाव. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "राहू दे ताई. आत गेल्यावर बरं पडेल."

आत काही बरं पडलं नाही. "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." मिस्टर नाहीत म्हटल्यावर, "मग आईला आणा." मी कायदा सांगितला. त्या डॉक्टरबाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम लिहिते. बाहेर एवढी रांग असताना त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण उद्या हिच्या घरच्यांनी इथे येऊन गोंधळ घातला तर निस्तरायला तुम्ही असणार आहात का?" आणि सोनोग्राफीचा कागद दिला. दुसऱ्या दिवशीचा, सकाळचा, दुसऱ्या इमारतीतला.

दुसऱ्या दिवशी रूट पुन्हा बुडाला. मैत्रिणीने बदली म्हणून एक सोसायटी केली, दोन राहिल्या. तिथल्या ग्रुपवर भरलेल्या बादल्यांचे फोटो पडले. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसून ती ते फोटो बघत होती, कारण एका काकूंनी तिलाच पाठवले होते, खाली तीन प्रश्नचिन्हं टाकून. त्या दिवशी तिचा नंबर लागला नाही. तिसऱ्या दिवशी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी कळवलं की आम्ही टेम्पो लावतोय.

नदीवाल्या मित्रांनो, तुमचा भाग इथे येतो. त्या सोसायटीत तिने दोन वर्षं डोकं खाऊन लोकांना ओला-सुका वेगळा द्यायला लावला होता. टेम्पोवाला सगळं एकत्र उचलतो. तो ते कुठे नेऊन टाकतो हे त्याला कुणी विचारत नाही. वेगळा करण्याची सवय आठवडाभरात गेली.

ती पुन्हा त्या दवाखान्यात गेली नाही. भंगारवाल्याकडून उचल घेतली, शेजारणीचं काळ्या मण्यांचं गळ्यात घातलं आणि खाजगीत गेली. तिथे तिला एकही प्रश्न विचारला नाही, पैसे रोख होते. रक्त बरंच गेलं, काही दिवस अंथरुणाला होती, पण वाचली, धड आहे. हे लगेच सांगते, नाहीतर तुम्ही भलत्या शेवटाची वाट बघत वाचाल.

गोष्टीतलं वाईट त्या उचलीत आहे. भंगारवाल्याची उचल घेतली की माल त्यालाच घालायचा, तो देईल त्या भावाने. तो व्याज लावत नाही, किलोमागे कापतो. मग तेवढेच पैसे सुटावेत म्हणून फक्त विकला जाणारा माल निवडायचा: पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, पत्रा. वेफर्सची पाकिटं, चुरगळलेल्या पातळ पिशव्या निवडत बसायला वेळ परवडत नाही. त्या शेडमागच्या नाल्यात जातात, नाहीतर थंडीत पेटवल्या जातात. ती हे करायची. मी पाहिलंय आणि तिला काही बोलले नाही. काय बोलणार होते? नाल्यात टाकू नकोस, पर्यावरण दिन आहे?

तर आता मला सांगा, यातलं नेमकं कुठलं धरू? दवाखान्याची वेळ धरू, तर माझे आरोग्यवाले मित्र खूश. उचल धरू, तर बचतगटवाले. नाला धरू, तर तुम्ही.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, आणि त्याचा मला जास्त राग येतो. "म्हणजे वस्तीतली लोकसंख्या कमी झाली की कचरा आपोआप कमी होईल, असंच ना?" नाही. असं अजिबात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे 1.7 मुलं इतका खाली आलेला आहे. मुलं कमी झाली, कचरा वाढला. ज्या घरात तीन माणसं आणि दारात दिवसाला चार पार्सलं, त्या घराच्या कचऱ्याचं खापर मुलीच्या गर्भाशयावर फोडायचं हे मला कळत नाही. आणि आपल्या राज्याला ही खोड जुनी आहे. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. 1994 च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेनंतर जगाने आकडे सोडून हक्कांची भाषा धरली, 1996 मध्ये भारताने कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढून टाकली. पंगतीत मात्र 1976 अजून चालू आहे.

आता जरा स्वतःशी भांडते. उमेदवारीच्या काळात मी एका प्रस्तावात 'छोटं कुटुंब, स्वच्छ शहर' असं लिहिलं होतं, वर एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढली होती. आज ते वाचवत नाही. पण ती तेव्हाची मी गप्प बसत नाही. ती म्हणते, त्याच वाक्यावर पैसे आले, त्याच पैशांतून शेड झाली, शेडवर पंखा लागला, दार असलेला संडास झाला. शेड नसती तर ती मुलगी पुठ्ठे चपटे करता करता तुझ्याशी कुठे बोलली असती? याला माझ्याकडे उत्तर नाही. खोट्या कारणासाठी आलेल्या पैशांतून खरं काम होतं, आणि पुढच्या वेळी पैसे मागताना पुन्हा तेच खोटं कारण सांगावंसं वाटतं. ते अजून मी कधीकधी सांगते, जरा सौम्य शब्दांत.

पॅडचं प्रकरण याच जातीचं. पर्यावरणवाले मला सांगतात, मुलींना पाळीचा कप वापरायला शिकवा, पॅडमध्ये प्लास्टिक असतं. बरोबर आहे, असतं. पण दुसऱ्यांचे रक्ताचे पॅड हाताने निवडणाऱ्या मुलीला, जिच्या वस्तीत वीस घरांत एक नळ आहे, कप उकळायला सांगायचं आणि ज्यांनी ते पॅड नुसते पिशवीत कोंबून दिले त्यांना काही नाही? 2013 साली पुण्याच्या कचरावेचक बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले होते. 2016 च्या घनकचरा नियमांत आलं की कंपन्यांनी गुंडाळायला पाकीट द्यावं आणि घरच्यांनी ते नीट गुंडाळून द्यावं. तुमच्या घरात कागदात गुंडाळून, आत पॅड आहे हे कळावं म्हणून, वर लाल ठिपका लावतात का? मी इतक्या ठिकाणी हे विचारलंय, आणि दर वेळी विषय बदलतो. मग मुलींच्या गर्भाशयावर चर्चा सुरू होते, ती सोपी.

शहर मात्र थांबत नाही. 2017 मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी तेवीस. अकरात उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती, जिथे पुण्याने वर्षानुवर्षं आपला कचरा नेऊन ओतला. हद्द अशी सरकते, टॉवर उठतात, त्यांच्या कचऱ्यासाठी नवे रूट निघतात, रूटसाठी नव्या मुली लागतात. दवाखाने त्या वेगाने निघत नाहीत. 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात 2017 पासून आहे, तीन महिन्यांनी एक. कागदावर छान आहे. लग्न न झालेल्या मुलीला ते मागायची हिंमत होत नाही, लग्न झालेलीला "आधी एक मूल होऊ दे" ऐकावं लागतं, आणि दोघींनाही ते सकाळीच घ्यायला जावं लागतं, म्हणजे रूटच्या वेळेत. किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत. जिथे समुपदेशक मनापासून काम करतात तिथे ती खरंच चांगली चालतात, हे मी पाहिलंय. पण विशीतल्या मुलीने कुठे जायचं?

म्हणून सध्या माझं भांडण दिसायला फार किरकोळ आहे. आठवड्यातून दोन दिवस ओपीडी दुपारी तीन ते सहा ठेवा. बास. वरून उत्तर येतं, स्टाफ नाही. तेही खोटं नाही.

आमच्या गटात याहून मोठं भांडण वेगळंच आहे. ती मुलगी उचल फेडत आलीय आणि घंटागाडी चालवायला शिकायचं म्हणतेय, लायसन्स काढायचंय. माझी सहकारी म्हणते, आपण इतकी वर्षं रूट टिकवा म्हणून लढलो, रूट हा त्यांचा हक्क आहे, तो सोडला की ठेकेदार घुसतो. मी म्हणते, आईची कंबर मोडलेलं काम मुलीला वारशात मिळावं यासाठी मी लढत होते का? मग रात्री मला वाटतं सहकारी बरोबर आहे, कारण गाडीवरची नोकरी कंत्राटी, आणि कंत्राटीत बाळंतपणाची रजा मागून बघा. मुलगी म्हणते, तुम्ही दोघी ठरवा, तोवर मी लर्निंगचा फॉर्म भरते.

तुम्ही मला पुन्हा विचारणार, ते मला माहीत आहे. विचारा. पण त्याआधी तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढं विचारून या: कचरेवाली दोन दिवस आली नाही, तर टेम्पो लावण्याआधी तिला एक फोन करता येईल का?