तंजावर दोन तासांत उरकू नका

रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारीच्या सहलीत तंजावर बहुतेक वेळा वाटेवरचा थांबा असतो. बस मोठ्या देवळापाशी लागते, दर्शन होतं, फोटो होतात आणि जेवायला मंडळी पुढच्या गावी जातात. मराठी माणसाने तरी असं करू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास इथे आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी इथे टिकली. आणि भोसले बाजूला ठेवले, तरी कावेरीने घडवलेलं हे शहर घाईत कळत नाही. किमान तीन रात्री हातात ठेवा.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस धरली की सकाळी तंजावरला उतरता येतं. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली सुमारे साठ किलोमीटरवर आहे आणि तिथून बस सतत सुटतात. मुक्काम जुन्या बसस्टँडच्या आसपास करा. देऊळ आणि राजवाडा दोन्ही तिथून पायी जाण्याच्या टप्प्यात येतात.

बृहदीश्वराच्या देवळात दोनदा जा, पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी ते बंद असतं, आणि बंद व्हायच्या आधीचा तासही टाळाच. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि तापलेल्या फरशीवर पाऊल ठरत नाही. पिशवीत जाड मोजे असू द्या. संध्याकाळी ग्रॅनाइट सोनेरी होत जातो, गावातली कुटुंबं लेकरं घेऊन अंगणात येऊन बसतात, तेव्हा हे देऊळ अजून नांदतं आहे हे जाणवतं. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केलं. शिखर साठ मीटरच्याही वर जातं. कावेरीच्या गाळाच्या या प्रदेशात दगड मिळत नाही, सगळा ग्रॅनाइट लांबून आणलेला आहे. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, सावली व्यवस्थित पडते. त्याऐवजी जोत्यावरचे तमिळ शिलालेख पाहा. देवळासाठी आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावं आणि त्या कोणत्या ओळीतल्या कितव्या घरात राहत, हे त्यांत कोरलं आहे. राजाच्या पराक्रमापेक्षा मला ही यादी जास्त मोलाची वाटते.

मग नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे वळा. तिथल्या भिंतीवर मराठी आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र इथे कोरून घेतलं. लिपी मोडी नव्हे, बाळबोध, म्हणजे आपल्याला थेट वाचता येते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, त्यामुळे सुरुवातीला अडखळायला होतं. हलक्या आवाजात वाचत गेलं की वाक्यं सुटी होऊ लागतात. दोन्ही बाजूंना तमिळ बोललं जात असताना, घरापासून हजारभर किलोमीटरवर, दगडातली मराठी वाचताना माझा गळा दाटून आला. सहलीतले बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. तुम्ही या, आणि मुलांना बरोबर आणा.

राजवाड्याला अर्धा दिवस द्या. वास्तू थकलेली आहे, काही भाग पाहून वाईट वाटतं, पण आतल्या कलादालनातली चोळकालीन ब्राँझ शिल्पं पाहायला देशभरातून जाणकार येतात. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव चुकवू नका. १०११ सालची ही मूर्ती. शिव नंदीवर हात टेकून उभा आहे, पण नंदी आता उरलेला नाही. तरीही कोपराच्या आणि कमरेच्या त्या सैल बाकातून नंदीची उंची नेमकी कळते. मूर्तीला सगळीकडून फिरून पाहा, डोक्याला गुंडाळलेली नागांची पगडी मागून आणखी सुंदर दिसते.

सरस्वती महाल ग्रंथालय त्याच आवारात आहे. ताडपत्रं आणि कागदी हस्तलिखितं, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी. सामान्य पाहुण्याला फक्त संग्रहालयाचा भाग पाहता येतो. हस्तलिखितं वाचायची असतील तर आधी पत्रव्यवहार करा, आणि साप्ताहिक सुट्टीचा दिवस फोनवर विचारून घ्या. सरफोजीराजांनी १८०५ मध्ये इथे देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापनीती मराठीत छापली. पुण्यामुंबईत मराठी पुस्तकं छापली जायच्या आधीची ही गोष्ट आहे. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या सचित्र नोंदीही इथे आहेत. असा राजा आपल्या शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींपुरताही भेटत नाही, याची खंत वाटते.

आता जेवण. दुपारी साध्या मेसमध्ये केळीच्या पानावर जेवा. ‘वांग सार’, म्हणजे ‘या साहेब’, म्हणून बसवतात, पान पाण्याने शिंपडून पुसायचं, मग भात, त्यावर वरण आणि तूप, पुढे सांबार, वत्तकुळंबु म्हणजे चिंचेची दाट आमटी, रसम, शेवटी ताक. वाढपी भराभर येतो. नको असेल तेव्हा पानावर हात आडवा धरा, नाहीतर भात पडलाच. सकाळी इडलीबरोबर कडप्पा मागा. मूगडाळ आणि बटाट्याची ही पातळसर, बडीशेपेच्या वासाची भाजी तंजावर-कुंभकोणम भागातली खासियत आहे. जुन्या घरांमध्ये डांगर पच्चडी करतात. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, म्हणजे आपलं डांगरच. वांग्याची रसवांगीही आपल्याला ओळखीची वाटते. पण हे पदार्थ हॉटेलच्या यादीत सहसा नसतात, कुणाकडे घरी जेवायचा योग आला तर आवर्जून विचारा. मिठाईच्या दुकानात नारळाची किंवा हरभराडाळीची पोळी मात्र गरम मिळते. सांबार संभाजीराजांच्या भेटीत इथल्या मुदपाकखान्यात जन्मलं, ही गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवली जाईल. तिला त्या काळचा लेखी आधार नाही, तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐका.

तिरुवैयारू आणि कल्लणैचा जुना बांध एका दिवसात जोडा, त्यासाठी रिक्षापेक्षा गाडी ठरवलेली बरी. तिरुवैयारू तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. तिथे कावेरीकाठी कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत, आराधनेच्या वेळी शेकडो गायक-वादक एकत्र त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच निवडक रचना, गातात. त्या दिवसांत जायचं असेल तर तंजावरची खोली खूप आधी धरा. बाकी वर्षभर समाधीपाशी निवांत बसता येतं. गावातला अशोका हलवा खाल्ल्याशिवाय निघू नका. मूगडाळीचा असतो, तुपाने ओथंबलेला, आणि पानावर गरमच खायचा.

तिथून तिरुकाट्टुपळ्ळीमार्गे कल्लणैपर्यंतचा रस्ता हे माझ्या मते या प्रवासाचं सर्वांत सुंदर अंग आहे. डावी-उजवीकडे भात, केळी, नारळ, मध्येच एखादा कालवा रस्त्याला चिकटून चालतो, बांधावर बगळे. कल्लणै हा करिकाल चोळाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेला बांध. वाळूच्या पात्रात मोठाले दगड रुतवत, चिखलाने सांधत बांधणाऱ्यांनी तो उभा केला. पुराचं जादा पाणी कोळ्ळिडम नदीत जावं आणि शेतीचं पाणी कावेरीच्या फाट्यांत वळावं, ही त्यामागची युक्ती. सैल वाळूवर पाया कसा घालायचा हे इंग्रज अभियंता आर्थर कॉटन इथेच शिकला. आज दिसणारा पूल आणि दरवाजे नंतरचे आहेत. कावेरीवरच्या मेट्टूर धरणातून कुरुवै, म्हणजे कमी दिवसांच्या भातासाठी पाणी सोडण्याची ठरलेली तारीख १२ जून, आणि पाणी पुरेसं असलं तर ती पाळली जाते. त्यानंतर आलात तर नदी भरलेली दिसेल. एप्रिल-मेमध्ये नुसती वाळू असते आणि ऊन सोसवत नाही. हिरवी शेतं आणि बरी हवा दोन्ही हवी असतील तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस इथे जोरदार असतो.

कुंभकोणमच्या बाजूला एक दिवस. दारासुरमचं ऐरावतेश्वर देऊळ छोटं, नाजूक आणि शांत. त्याच दिवशी स्वामीमलैला ब्राँझ ओतणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळेत जा. मेणाची मूर्ती करून तिच्यावर कावेरीकाठची बारीक माती लिंपतात, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. या मातीमुळे मेणावरची बारीकशी रेघही धातूत उतरते. राजवाड्यातला तो शिव पाहून मग इथे यावं, हाच क्रम ठेवा. कुंभकोणमची डिग्री कॉफी, म्हणजे निव्वळ दुधातली फिल्टर कॉफी, पितळी डबरा-टंबलरमध्येच, म्हणजे वाटी-पेल्यातच प्या.

जंगल-पक्ष्यांची आवड असेल तर आणखी एक दिवस कोडिक्करैसाठी काढा. वेदारण्यमच्या पुढे, किनाऱ्याच्या टोकाला हे अभयारण्य आहे. सुक्या सदाहरित झुडपी रानात काळवीट, आणि खाजणांत हिवाळी पाहुणे पक्षी, नशीब असेल तर रोहितांचे थवेही. २०१८ च्या गज चक्रीवादळाने इथली झाडं फार मोडली, त्याच्या खुणा दिसतात. पहाटे अंधारातच तंजावर सोडा किंवा वेदारण्यमला मुक्काम करा, कारण नऊनंतर काळवीट सावलीत बसतात. पाणी, खाणं आणि दुर्बीण बरोबर न्या. आत काही मिळत नाही. वन खात्याच्या नाक्यावर परवानगी आणि वेळ यांची चौकशी आदल्या दिवशीच करा, पावसात वाटा बंद ठेवतात. परतताना पट्टुकोट्टैच्या बाजूने यायला सवड असेल तर समुद्रकाठी सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा लागतो. समोरच्या उथळ समुद्रातली गवताची कुरणं ही डुगाँगची, म्हणजे समुद्रगाईची जागा, आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने त्यांच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं आहे. डुगाँग किनाऱ्यावरून दिसायची आशा धरू नका, पण अंधार पडायच्या आत पोचा, म्हणजे मनोऱ्याभोवतीचा किनारा नीट पाहता येईल.